सहा वीसचा आवाज

१

वेतवाले काका गेले ते मंगळवारी दुपारी, आणि त्यांच्या खोलीतला दिवा लागला तो त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी. मधल्या त्या दोन-तीन तासांपायी एका बाईवर तुरुंगात जायची वेळ आली, आणि ती वेळ मी माझ्या हाताने आणली.

फौजदारांनी मला गुरुवारी सकाळी बोलावलं ते काकांच्या मोबाईलसाठी. "बाई, काल सकाळपासून चार्जिंगला लावतोय. सुरूच होत नाही. पडदा काळा तो काळाच," ते म्हणाले. मला हसू आलं, आणि मेलेल्या माणसाच्या खोलीत आपण हसलो म्हणून लाजही वाटली. मोबाईल ठणठणीत सुरू होता. आम्ही आंधळी माणसं पडदा काळाच ठेवतो. बॅटरी वाचते, आणि बसमध्ये शेजारचा त्यात डोकं घालत नाही.

मी जन्मापासून आंधळी. माझ्या कार्यालयाच्या पाटीवर यासाठी जास्त सभ्य शब्द लिहिलाय म्हणे. मी ती पाटी अजून वाचलेली नाही. माझं काम घरोघरी जाऊन लोकांना यंत्राशी बोलायला शिकवणं. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात चालत नाहीत, ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, अशांच्या घरी मी ते मुठीएवढं बोलकं यंत्र बसवते. वेळ कशी विचारायची, फोन कसा लावून घ्यायचा, पंखा कसा बंद करायला सांगायचा, हे शिकवते. लोक भरभरून आभार मानतात. पण यंत्र आलं की घरची माणसं त्या खोलीत यायची हळूहळू कमी होतात, हेही मी पाहिलंय. "आता काय, ते आहे ना बोलायला," असं म्हणतात आणि दार ओढून घेतात.

काकांना तर घरची माणसं अशी नव्हतीच. खुर्च्यांच्या बैठका वेताने विणायचे. वय बासष्ट, लग्न केलेलं नाही, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांना मी दोन यंत्रं बसवून दिली होती, एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. यंत्राला हाक मारायची म्हणजे त्याला एखादं नाव ठेवावं लागतं. काकांनी काय ठेवावं? "ऐकतेस का!" मी म्हटलं होतं, "काका, राहिलेली हौस भागवून घेताय होय?" ते खूप वेळ हसले होते.

आता त्याच खोलीत फौजदार मला सांगत होते, की काका खिडकीजवळ पालथे पडलेले सापडले. कानशील विणायच्या लोखंडी चौकटीवर आपटलेलं. डॉक्टरांच्या मते मृत्यू तीन ते चारच्या दरम्यान, जागच्या जागी. "पडले असतील किंवा कुणी पाडलं असेल. जखम दोन्हींत सारखीच. बुधवारी सकाळी आठला कामाच्या ताईंनी पाहिलं. दिवा तेव्हा जळत होता."

यंत्राला सांगितलेली प्रत्येक गोष्ट मोबाईलमधल्या यादीत वेळेसकट राहते आणि तो आवाजही पुन्हा ऐकता येतो. मी काळ्या पडद्यावर बोटं फिरवून यादी उघडली. मंगळवारी सकाळी काकांनी वेळ विचारली होती. दोन वाजून दहा मिनिटांनी रेडिओ लावला होता, तीनला बंद केला होता. त्यानंतर एकच ओळ होती, सहा वीसची.

"ऐकवा," फौजदार म्हणाले.

मी ऐकवली. "ऐकतेस का, दिवा लाव."

तो काकांचा आवाज नव्हता. बाईचा होता.

२

"संपलं," फौजदार म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटल्याचं मला ऐकू आलं. "म्हातारा चारच्या आत मेला. सहा वीसला एक बाई खोलीत उभी राहून दिवा लावते, आणि कुणाला काही सांगत नाही. चावी दोघींकडेच. पुतण्याची बायको आणि कामाच्या ताई. ताईंचं दुपारी कडाक्याचं भांडण झालेलं खालच्या शिवणवालीने ऐकलंय. तीननंतर परत येऊन ढकललं, संध्याकाळी पुन्हा येऊन आवराआवर केली, सकाळी आरडाओरडा केला. उद्या अकराला कोर्टात उभी करतो."

कालपर्यंत ताईंना नुसतं प्रश्न विचारायला चौकीत बसवलं होतं. त्यांना आरोपी केलं ते मी उघडून दिलेल्या यादीने. मी यंत्रं बसवते ती माणसांच्या उपयोगी पडावीत म्हणून. हे माझ्या हिशेबात कधीच नव्हतं. मी त्यांना भेटायचंच म्हणून हट्ट धरला, आणि फौजदार माझ्या उपकाराखाली होते म्हणून हो म्हणाले.

चौकीतल्या बाकावर ताई माझ्या शेजारी बसल्या तेव्हा त्यांच्या हाताला अजून भांड्यांच्या साबणाचा वास होता.

"भांडण झालं, ते खरं," त्या म्हणाल्या. "माझा आवाजच मोठा आहे, बाई. काय झालं, खिडकीला पडदा नाही. सगळा रस्ता यांच्या घरात बघतो. बनियनवर बसलेले असतात विणत. मी म्हटलं, जुन्या चादरीचा तरी लावते. तर अंगावरच आले. 'पडद्याला हात लावायचा नाही.' आता ज्याला दिसत नाही त्याला पडद्याचं एवढं काय? मी म्हटलं, मरा तिकडे. आणि दोनला निघाले." त्या थांबल्या. "मरा म्हटलं मी."

"संध्याकाळी परत आला होतात?"

"नाही हो. दुसरं घर होतं, मग पोरींना घेतलं. घरी होते मी. पण सांगणार कोण? पोरी. त्यांचं कोण ऐकतंय."

"दिवा लावायला त्या यंत्राला सांगितलंत कधी?"

"त्या डबीला?" एवढ्या दुःखातही त्या फणकारल्या. "मी कशाला बोलू तिच्याशी? दाराशी ट्यूबचं बटण आहे की. खटकन दाबलं की झालं."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच थांबले असते तर त्यांची एक रात्र वाचली असती.

"साहेब म्हणतात, कबूल केलंस तर शिक्षा कमी होईल," ताई हळूच म्हणाल्या. "खरंच कमी होते का, बाई? पोरी शेजारी जेवतायत. किती दिवस जेवायला घालतील ते?"

सहा वीसचा तो आवाज या बाईचा नव्हता. माझ्या कानांना ते स्पष्ट होतं. पण रेकॉर्डिंगमध्ये होते चार शब्द, बारीक आणि लांबून आलेले. मी फौजदारांना सांगितलं तेव्हा ते सौम्यपणे म्हणाले, "तुमचे कान चांगले असतील, बाई. पण कोर्टात मी तुमचे कान कसे दाखल करू?"

३

पुतण्याची बायको दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. मी रांगेत उभी राहून तिच्यापर्यंत पोचले. बोलायला तिखट होती.

"मला ती जागा हवीच आहे, उगाच खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "दोन मुलं आणि सासू एका खोलीत झोपतो आम्ही. पण मंगळवारी सात वाजेपर्यंत मी याच खुर्चीत होते, शंभर माणसांनी मला बघितलंय. आणि त्या खोलीत मी पाय ठेवत नाही. जमिनीवर सगळीकडे वेताच्या काड्या. चाललं की कराकरा वाजतात, चपलेतून टोचतात. काकांना फोन करायचे मी, महिन्यातून एकदा. ते 'बरा आहे' म्हणायचे. आम्हीही तेवढ्यावर भागवायचो." शेवटचं वाक्य ती जरा खालच्या आवाजात बोलली. मग तिने मागच्या माणसाचं नाव विचारलं.

तेवढ्यात मला एक गोष्ट आठवली. मी मोबाईलमधून ते रेकॉर्डिंग माझ्याकडे घेतलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी ते कानाला लावून दहा वेळा ऐकलं. बाईचा आवाज होता, पण काड्या वाजत नव्हत्या. आधी नाही, नंतर नाही. पाऊल नाही, श्वास नाही. ती बाई जणू जमिनीला न टेकता खोलीत आली होती.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी ते अकराव्यांदा ऐकलं नाही.

शिवणवाली काकांच्या बरोबर खालच्या खोलीत राहते. तिचं मशीन जिन्यात पाऊल टाकल्यापासून ऐकू येतं. मी दारात गेले तसं ते थांबलं.

"साडेतीनला धप्प झालं," ती म्हणाली. "वर काकांची पावलं मला रोज ऐकू येतात. ती चालत खिडकीकडे गेली, आणि धप्प. मला वाटलं वेताची मोळी पडली असेल. मी मशीन थांबवलं, कान दिला. काही नाही. मग मी पुन्हा सुरू केलं."

"दुसरी कुणाची पावलं?"

"नव्हती. पण साडेपाचला मी दोरे आणि दूध आणायला गेले ते सातला आले. तेवढ्यात कोण आलं गेलं ते मला माहीत नाही." तिच्या आवाजात ओल आली. "मनात होतं हो, येताना वर जाऊन बघावं म्हणून. त्या धप्पचं डोक्यातून जाईना. पण कोपऱ्यावरून वर बघितलं तर खिडकीत दिवा. म्हटलं, आहेत काका. रोजच्यासारखा सहाला दिवा लागलाय. म्हणून गेले नाही."

"कुठून बघितलंत?"

"खालून. रस्त्यावरून."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

४

हे डोळस वाचकाला सांगायलाही ओशाळवाणं वाटतं. चाळीस वर्षांत मला कधी जाणवलंच नव्हतं, की खोलीतला दिवा बाहेरूनही दिसतो.

म्हणजे कुणी सांगितलं असतं तर मी 'हो, बरोबर' म्हटलं असतं. पण माझ्या समजुतीत दिवा ही खोलीतल्या माणसाच्या सोयीची वस्तू. पंख्यासारखी. शेजारच्या घरातला पंखा आपल्याला लागतो का? काकांनी मला खिडकीतला दिवा यंत्राला जोडून मागितला तेव्हाही मला वाटलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी असेल. त्यांच्याकडे कुणी येत-जात नाही, हे माहीत असूनही.

आता एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. सहा वीसला दिवा कुणाला हवा होता? काकांना दिव्याचा उपयोग नाही. खोलीत उभ्या असलेल्या डोळस बाईला हवा असता तर तिने दाराशीच बटण दाबलं असतं. ताईंनी मला तेच तर फणकारून सांगितलं होतं. यंत्राला दिवा लावायला सांगणारी व्यक्ती अशी हवी, की जिला दिसतं पण बटणापर्यंत हात पोचत नाही. आणि खोलीत पाऊल वाजलं नाही, कारण त्या खोलीत कुणी आलंच नव्हतं.

मी फौजदारांना फोन केला. "दहा मिनिटं मोबाईल हवाय."

"बाई, मला आणखीही कामं आहेत."

"मला माझी चूक निस्तरायची आहे, साहेब."

दहा मिनिटांनी आम्ही पुन्हा काकांच्या खोलीत होतो. मी सहा वीसची ओळ पुन्हा उघडली. कुठल्या यंत्राने ऐकलं तेही त्यात असतं. सकाळी मी ते घाईत पुढे ढकललं होतं. ऐकलं होतं स्वयंपाकघरातल्या यंत्राने. दिवा बाहेरच्या खोलीत, तिथलं यंत्र दिव्यापासून हातभर, आणि ते मात्र गप्प.

"ते गप्प का?" मी फौजदारांना विचारलं.

"बिघडलं असेल."

"ते बोलत होतं, साहेब. स्वतःच्या तोंडून निघालेला आवाज ते हुकूम म्हणून घेत नाही. पण स्वयंपाकघरातल्याला काय माहीत? त्याला वाटलं, कुणी माणूसच बोलतंय."

एका घरातल्या यंत्रावरून दुसऱ्या घरातल्या यंत्रावर सरळ बोलता येतं. समोरच्याने परवानगी देऊन ठेवली असेल तर उचलावंही लागत नाही. आवाज थेट खोलीत उमटतो. फौजदारांनी मोबाईल कंपनीकडून फोनांची यादी मागवली होती, पण हे बोलणं त्या यादीत येत नाही. त्याची नोंद वेगळ्या पानावर असते. ते पान उघडायचं त्यांना माहीत नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं.

मी ते आता उघडलं. सहा वर्षांचं बोलणं होतं. रोज संध्याकाळी तास-तास, दीड-दीड तास. सगळं एकाच व्यक्तीशी. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून अठरा मिनिटांनीही त्याच व्यक्तीने यंत्र जोडलं होतं.

काकांनी त्या व्यक्तीचं नाव लिहिलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, 'समोर'.

५

समोरच्या इमारतीत लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत चौपन्न पायऱ्या, मधल्या दोन तुटक्या. फौजदारांना मी खालीच थांबवलं. गणवेशासमोर माणूस खोटं तरी बोलतो नाहीतर गप्प तरी बसतो.

"दार लोटलेलंच आहे," आतून आवाज आला. शब्द नवे होते. आवाज मी दवाखान्याच्या जिन्यात दहा वेळा ऐकला होता.

भूगोलाच्या मास्तरीणबाई होत्या त्या, निवृत्त झालेल्या. वय चौसष्ट. संधिवाताने पाय गेले, मग चाकाची खुर्ची आली. आठ वर्षांत त्या चौपन्न पायऱ्या चारदा उतरल्या होत्या, चारही वेळा दवाखान्यात जायला. मुलगा सकाळी आठला जातो, संध्याकाळी साताठला येतो, साडेआठला त्यांना उचलून आतल्या खोलीत निजवतो. वाईट नाही, दमलेला आहे.

मी कोण ते सांगितलं. "बाई, मंगळवारी सहा वीसला तुम्ही दिवा लावायला सांगितलात."

त्यांनी नाकारलं नाही. मग शाळेत धडा सांगावा तशा सुरुवातीपासून सांगू लागल्या.

"माझी एक खुर्ची विणायला त्यांच्याकडे दिली होती. चालत होते तेव्हाची. तिच्यासाठी फोन झाला. खुर्ची विणून झाली, फोन राहिला. मग त्यांनी ते यंत्र घेतलं, मीही मुलाकडून मागून घेतलं. आम्ही ठरवलं होतं, त्यांनी सहाला दिवा लावायचा. लागला की मी समजायचं, ठीक आहेत. म्हणून तर ते खिडकीला पडदा लावू देत नसत. नाही लागला तर मी हाक मारायची, आणि उत्तर नाही आलं तर खालच्या शिवणवालीला फोन करायचा. सहा वर्षांत एकदाही करावा लागला नाही."

"मग मंगळवारी का नाही केलात?"

"शनिवारी भांडलो होतो. ते म्हणाले, आता मी जिने चढून येतो. एकदा हातात हात घेऊन बोलू. मी नको म्हटलं. ते म्हणाले, का? मी सांगेना." त्यांनी माझा हात ओढून आपल्या हातावर ठेवला. बोटं एकमेकांवर चढलेली, सांधे सुजून गाठी झालेले. "त्यांना सगळं हातानेच कळायचं. मला हे कळू द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी नुसता आवाज होते, तेच बरं होतं."

मी हात काढला नाही.

"तेव्हापासून ते बोलत नव्हते. दिवा तेवढा वेळेवर लावायचे. मंगळवारी तोही नाही. सव्वासहा झाले. मी यंत्र जोडलं, हाका मारल्या. उत्तर नाही. मला वाटलं, रुसलेत. मग मला थट्टा सुचली. म्हटलं, तुम्ही नाही ना लावत, मी लावते. त्यांच्यासारखं म्हटलं, 'ऐकतेस का, दिवा लाव.' लागला. आता चिडून बंद करतील, म्हणून वाट बघत बसले. त्यांनी बंद केला नाही." पुढचं त्या हळू बोलल्या. "मी समजले, राग गेला. त्या रात्री किती छान झोपले मी, बाळ. सहा वर्षांत तशी झोपले नव्हते."

"आणि बुधवारी?"

"खिडकीतून पोलिसांची गाडी दिसली. मग त्या कामाच्या बाईला नेताना दिसलं. मी सांगायला हवं होतं. पण मुलाला काही माहीत नाही. त्याला कळलं तर तो यंत्र काढून नेईल, आणि मग मला दिवसभरात कुणाशीच..." त्या थांबल्या. "आणि दुसरं म्हणजे, हाक मारायची जबाबदारी माझी होती. शिवणवालीला कळवायचं सोडून मी त्यांच्या प्रेताशेजारी दिवा लावून थट्टा करत बसले. हे तोंडाने सांगायचं कसं?"

"तिला दोन मुली आहेत," मी म्हटलं. "उद्या अकराला तिला कोर्टात नेणार आहेत."

खुर्चीची चाकं दाराकडे हातभर सरकली.

"मला खाली उतरवणार कोण?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

६

उतरायची गरज पडली नाही.

शुक्रवारी सव्वादहाला काकांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही चौघं होतो. फौजदार, मी, शिवणवाली, आणि चौकीतून आणलेल्या ताई. काड्या पायाखाली वाजत होत्या. फौजदार घड्याळ बघून बघून हैराण झाले होते.

"साहेब," काकांचं यंत्र बाईच्या आवाजात म्हणालं, "मी समोरून बोलतेय. खिडकीत या, म्हणजे मी दिसेन."

ताई दचकून माझ्या अंगावर आल्या. फौजदारांची पावलं खिडकीकडे गेली.

"चाकाच्या खुर्चीत एक बाई आहेत," ते पुटपुटले. "हात वर केलाय त्यांनी."

"आता नीट ऐका," यंत्र म्हणालं. "ऐकतेस का, दिवा लाव."

बाहेरच्या खोलीतलं यंत्र स्तब्ध राहिलं. स्वयंपाकघरातून टिंग वाजलं.

"लागला," शिवणवाली म्हणाली. "अगंबाई, लागला!"

मी मोबाईलमधली नवी ओळ फौजदारांना ऐकवली, आणि पाठोपाठ मंगळवारची. दोन्हींत तोच बारीक आवाज, लांबून आलेला, पाऊल न वाजवता. मग त्यांनी मास्तरीणबाईंना प्रश्न विचारले. त्यांनी सगळी उत्तरं दिली, भांडणाची, थट्टेची, झोपेचीसुद्धा, चार परक्या माणसांसमोर, मोठ्याने. मंगळवारी संध्याकाळी खोलीत कुणी आलंच नव्हतं म्हटल्यावर ताईंविरुद्ध उरलं फक्त एक भांडण. साडेतीनला काका चालत खिडकीकडे गेले, पायात वेताची मोळी आली असावी, आणि ते पडले. त्या वेळी वर त्यांचीच पावलं होती, हे शिवणवालीने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी फौजदारांनी ते लिहून घेतलं.

"साहेब," यंत्रातून प्रश्न आला, "मी सव्वासहाला शिवणवालीला कळवलं असतं, तर ते..."

फौजदारांनी माझ्याकडे तोंड केलं असावं. उत्तर मी दिलं. "नाही, बाई. ते जागच्या जागी गेले, चारच्या आत. डॉक्टरांनी लिहून दिलंय." ते खरं होतं. खोटं असतं तरी मी कदाचित तेच म्हटलं असतं.

फौजदार "तुम्ही जाऊ शकता" म्हणाले तशा ताई जिना उतरून गेल्या. पावलं धावत गेली.

७

आठवड्याने मी मास्तरीणबाईंकडे गेले. टेबलावर यंत्र नव्हतं. मुलगा रागावला नव्हता, त्यांनीच सांगितलं. तो फक्त म्हणाला होता, "पुरे आता हे, आई," आणि तार गुंडाळून यंत्र घेऊन गेला होता. त्याच्याशी मी बोलेन, दुसरं बसवून देईन, असं मी म्हटलं.

"कुणाशी बोलायला?" त्यांनी विचारलं.

ताई येऊन गेल्या होत्या. आत आल्या नाहीत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दोन दिवस माझ्या पोरी लोकांच्या दारात जेवल्या. तीन घरांनी मला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. तुम्ही खिडकीतून बघत होतात." आणि गेल्या.

"बरोबर आहे तिचं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मीही ताईंच्या घरी गेले होते. मला बाहेरच थांबवून त्यांनी ऐकून घेतलं, आणि दार लावलं. ती यादी मी उघडून दिली होती, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मग मास्तरीणबाईंनी विचारलं, "यंत्र शिकवताना तू त्यांचा हात धरला असशील ना? कसा होता गं?"

मला आठवेल तेवढं मी सांगितलं. बोटांची टोकं कडक, तळव्यावर वेताने पडलेल्या चिरा, अंगठा रुंद. पण काही धरायचं झालं की फार हलक्या हाताने धरायचे. आणि हात नेहमी गरम असायचा. त्यांनी ते सगळं दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना मला रडू आलं. त्यांना आलं नाही.

"आणि दिसायला कसे होते?" मग मी विचारलं. इतक्या वर्षांत मला ते कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "रस्ता रुंद आहे, आणि माझे डोळे कधीचेच अधू झालेत. उजेडात एक माणूस बसलेला दिसायचा. चेहरा कधी दिसला नाही."

काकांना रोज जवळून पाहिलेली, ते हसताना कसे दिसायचे हे सांगू शकेल अशी एकच बाई होती. तिला आम्ही दोघींनी मिळून दोन दिवस कोठडीत बसवलं होतं.